मागच्या खोलीतली लेझीम

"वर्ग बंद पडला म्हणून काय झालं? व्यायाम काय श्यामरावांच्या शिट्टीत असतो?"

गुरुदत्तराव पेडणेकरांनी जेवता जेवता हे जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या पत्नीने, शकुनने, त्यांच्या पानात आणखी थोडी कारल्याची भाजी वाढली. नवरा असा छातीठोकपणे बोलायला लागला की पुढचे काही दिवस घर सांभाळून असावं लागतं, एवढं तिला इतक्या वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं.

गुरुदत्तराव कलकत्त्यात खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सचे अधिकारी होते. मुंबईहून बदली होऊन आलेलं हे कुटुंब भवानीपुरातल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतं. बोटीवरून उतरणाऱ्या भल्याभल्यांना घाम फोडणारा हा माणूस घरी मात्र एका काचेच्या नळीला भीत असे. त्यांना मधुमेह होता. दर रविवारी सकाळी शकुन नळीतल्या निळ्या औषधात त्यांच्या लघवीचे थेंब टाकून ती स्पिरिटच्या दिव्यावर धरी. औषध निळंच राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर चालेल, पिवळं झालं तर कठीण. विटकरीचा विषय घरात कोणी काढत नसे. गिरगावातल्या त्यांच्या थोरल्या भावाची नळी वर्षभर विटकरी होत राहिली, आणि आधी त्याच्या पायाचं बोट गेलं, मग पाऊल गेलं. तेव्हापासून गुरुदत्तराव रोज मोजे काढले की आपल्या पायाची बोटं एकेक करून दाबून बघत, आणि कोणी बघितलंच तर डास चावला म्हणून सांगत.

डॉक्टर सान्यालांनी त्यांना थंडी संपेपर्यंतची मुदत दिली होती. तोवर साखर उतरली नाही तर इन्सुलिन, रोज, स्वतःच्या हाताने, मांडीत. दादालाही आधी सुईच लागली होती. त्यामुळे सुई म्हणजे पाऊल जाण्याच्या वाटेवरचं पहिलं स्टेशन, अशी गुरुदत्तरावांची ठाम समजूत झाली होती. ती चुकीची आहे हे डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं, पण भ्यालेल्या माणसाला डॉक्टर काय समजावणार.

आजवर त्यांना हिरव्यावर ठेवलं होतं ते मराठी मंडळाच्या पहाटवर्गाने. बँकेतून निवृत्त झालेले श्यामराव तो वर्ग चालवत. मंडळाच्या आवारात ही सगळी प्रौढ मंडळी रांगेत उभी राहून लेझीम खेळत. वाकवलेली काठी, तिला लोखंडी साखळी, साखळीत चकत्या. उठा, बसा, पुढे, मागे, आणि प्रत्येक ठेक्याला झण्ण! एकट्याला जे दोन मिनिटंही झेपलं नसतं ते रांगेत सहज होऊन जाई, कारण शेजारचा माणूस थांबत नसे आणि त्याच्याआधी थांबायची लाज वाटे.

पण ते सत्तर साल होतं. गल्ल्यांतून नक्षलवादी पोरांचे बॉम्ब फुटत होते, भिंती घोषणांनी रंगल्या होत्या आणि जमावबंदी लागली होती. एका पहाटे मंडळापुढे पोलिसांची गाडी थांबली. धुक्यात बरीच माणसं लोखंडी साखळ्या खळखळवत एका ठेक्यात पुढेमागे होत आहेत आणि एक जण शिट्टी मारतो आहे, हे दृश्य त्या वर्षी कुठल्याही फौजदाराला आवडलं नसतं. श्यामराव गडबडून म्हणाले की ही गणपतीच्या मिरवणुकीची तयारी आहे. गणपतीला अजून आठ-नऊ महिने होते. फौजदाराने सगळ्या लेझिमी कपाटात बंद करायला लावल्या आणि पुन्हा त्या दिसल्या तर गाठ माझ्याशी आहे, असं बजावून तो गेला.

तळ्याकाठी फिरायला जायचीही तेव्हा सोय राहिली नव्हती. पहाटे एकटा चालणारा माणूस पोलिसांनाही संशयित वाटे आणि त्या नक्षलवादी पोरांनाही. दोन आठवड्यांत नळी पिवळी झाली. तेव्हा गुरुदत्तरावांनी ती घोषणा केली, आणि दुसऱ्या दिवशी मंडळात जाऊन कपाटातली एक लेझीम ओव्हरकोटाखाली घालून घरी आणली. जन्मभर लोकांच्या कोटाखालचा चोरटा माल काढणाऱ्या अधिकाऱ्याने केलेली ही पहिलीच तस्करी. ट्रामने हिसका दिला की कोट वाजे, आणि कोट वाजला की गुरुदत्तराव मोठ्याने खोकत. उतरेपर्यंत शेजारचे दोन प्रवासी क्षयाच्या भीतीने उठून गेले होते.

घरी लेझमीचा कडक बंदोबस्त झाला. व्यायाम पहाटे, मागच्या खोलीत. खिडक्या घट्ट बंद. आवाज झाकायला शकुनने रेडिओ मोठ्याने लावायचा. मोलकरणीला त्या खोलीत पाऊल टाकू द्यायचं नाही. आणि कोणी विचारलंच, तर मागच्या खोलीत काही नाही आणि कोणी नाही. त्यांची मुलगी लीना कॉलेजात होती आणि तिच्या मराठीत बंगाली मिसळलेलं असे. "आई, बाबांना सांग ना, आस्ते आस्ते नाचा," एवढं कुरकुरून ती उशीखाली डोकं घाली.

आता, त्या थंडीत कलकत्त्यात कुठलंही शेंबडं पोर सांगू शकलं असतं की ज्या घरात फरारी मुलगा लपवलेला असतो त्या घराच्या मागच्या खिडक्या बंद असतात, पहाटे रेडिओ जोरात लागतो आणि मोलकरणीला एका खोलीची बंदी असते. गुरुदत्तरावांनी यातली एकेक खूण स्वतःच्या हाताने करून ठेवली, आणि आपण किती सावध आहोत याचं त्यांना समाधान वाटलं.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहत. त्यांना सगळी गल्ली माशीमा, म्हणजे मावशी, म्हणे. नवरा वारलेला, आणि एकुलता एक मुलगा खोकन पावसाळ्यापासून घरी नव्हता. तो जमशेदपूरला मामाकडे असतो असं माशीमा सांगत, आणि ऐकणारे मान डोलवत. त्यांना कुठलाही भाऊ नाही हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

माशीमांना पहाटे झोप लागत नसे. एके दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांनी शकुनला सहज विचारलं, की मागच्या खोलीत कोण असतं? शकुनला खोटं बोलायची सवय नव्हती. ती लालबुंद होऊन म्हणाली की कोणी नाही, आणि हातातला ओला टॉवेल टाकून खाली पळाली. माशीमांनी मग लीनाला गाठून शकुनचा भाचा श्यामकांत कुठे असतो हेही विचारून घेतलं. हा श्यामकांत शिबपूरला इंजिनिअरिंग शिकत असताना दर रविवारी यायचा आणि खोकनबरोबर कॅरम खेळायचा. त्याला भिलाईला नोकरी लागली आहे असं लीनाने सांगितलं, आणि ते अक्षरशः खरं होतं. माशीमांनी मान डोलवली.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गुरुदत्तराव ऑफिसातून आले, तर माशीमा जिन्यापाशी पदराआड वाडगा घेऊन उभ्या होत्या. नव्या खजुराच्या गुळाचे संदेश होते. त्या हिंदीबंगालीची खिचडी करून हळूच म्हणाल्या, "वर न्या, पेडणेकरबाबू. कोणाला दिसू देऊ नका."

गुरुदत्तरावांना भरून आलं. शकुन आपल्याला कारली, मेथी आणि पाण्यासारखं ताक यांवर जगवते हे या माउलीच्या कानावर गेलेलं दिसतं, असं त्यांनी धरलं, आणि कोणाला म्हणजे अर्थातच शकुनला. मला मधुमेह आहे, असं सांगायला तोंड उघडणार होते. पण ऑफिसात आणि गल्लीत त्यांनी तो आजवर दडवलाच होता, आणि शिवाय संदेश अजून कोमट होते. जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती. तिथे उभं राहून त्यांनी एक खाल्ला. मग वाडग्यात विषम संख्या उरली म्हणून आणखी एक खाल्ला. मग उरलेले वर नेऊन शकुनला काय सांगायचं हे सुचेना, म्हणून तेही संपवले आणि वाडगा नळावर धुऊन परत दिला. माशीमांनी रिकामा वाडगा छातीशी धरला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं कौतुक गुरुदत्तरावांच्या खाण्याचं त्यांच्या आईनेही केलं नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. कधी पायेश म्हणजे तांदळाची खीर, कधी पाटिसापटा म्हणजे नारळ भरलेलं गोड धिरडं. गुरुदत्तरावांनी मनाशी हिशेब बसवला की खाल्लेलं सगळं लेझमीने फिटतं. जास्त खाल्लं की ते दुसऱ्या पहाटे जास्त खेळत. जास्त खेळले की खाली जास्त ऐकू जाई. आणि जास्त ऐकू गेलं की संध्याकाळचा वाडगा मोठा येई. एकदा तर माशीमांनी हाताने विणलेला एक स्वेटर दिला. तो गुरुदत्तरावांच्या बेंबीशी संपत होता, पण प्रेमाने दिलेली वस्तू. फुटपाथवर स्वस्त मिळाला असं शकुनला सांगून ते पहाटे तोच घालू लागले.

रविवारी नळी नारिंगी झाली. शकुनने भात बंद केला. पुढच्या रविवारी ती विटकरी झाली. शकुनने दिवा विझवला. एवढा व्यायाम करून, एवढं पथ्य करून हा रोग वाढतोच आहे, म्हणजे आता दादांसारखंच होणार, असं ती हळू आवाजात म्हणाली.  खरं सांगून टाकावं असं गुरुदत्तरावांना मनापासून वाटलं. पण ज्या बाईने आपल्यासाठी स्वतःचाही भात सोडला तिला पाटिसापट्याचं काय सांगायचं? त्या संध्याकाळी जिन्याच्या वळणावर त्यांनी डोळे मिटून पायेश खाल्ली, ती खरंच शेवटची समजून. रात्री त्यांनी बोटं दाबली, तर डाव्या अंगठ्याला दाबल्याचं कळतंय की नाही याचीच त्यांना खात्री वाटेना.

दुसऱ्या पहाटे ते चवताळून लेझीम खेळत होते. त्यामुळे गल्लीच्या दोन्ही तोंडांना गाड्या लागल्या, बुटांचे आवाज झाले आणि पोलिसांनी घरोघर झडती सुरू केली, यातलं त्यांना काहीच ऐकू आलं नाही. ऐकू आली ती मागच्या दाराची कडी. तिकडे मागच्या अंगणातून वर येणारा लोखंडी गोल जिना होता, आणि तो कोणी वापरत नसे.

गुरुदत्तरावांनी हाफपँट, बेंबीपर्यंत स्वेटर आणि हातात लेझीम अशा थाटात दार उघडलं. बाहेर माशीमा धापा टाकत उभ्या होत्या. रेडिओ सोडून शकुन आणि लीनाही धावत आल्या. माशीमा त्यांना बाजूला सारून आत शिरल्या आणि भराभर बंगालीत बोलू लागल्या.  लीनाने सांगितलं ते असं, की पोलीस गल्लीत आहेत, माशीमांच्या घराची झडती नुकतीच झाली आहे आणि ते समोरच्या घरात गेले आहेत. आता खाली ते परत बघणार नाहीत. तेव्हा त्याला लगेच मागच्या जिन्याने त्यांच्या देवघरात आणा.

"कुणाला?" शकुनने विचारलं.

"तुझ्या भाच्याला. त्याची साखळी सोडा आधी," माशीमा म्हणाल्या. "रोज ऐकते मी. बिचारा पहाटे उठून येरझारा घालतो. मी तुम्हाला नावं ठेवत नाही, बेटी. तुम्ही बांधून ठेवलंत. मला खोकनला बांधून ठेवायचं सुचलं नाही."

लीनाने हे मराठीत सांगितलं. माशीमांनी खोलीभर पाहिलं. पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाट उघडून पाहिलं. मग त्यांची नजर गुरुदत्तरावांच्या हातातल्या साखळीवर गेली, तिथून अंगातल्या स्वेटरवर गेली, आणि तिथेच थांबली. स्वेटर खोकनचा आहे हे गुरुदत्तरावांना तेव्हा कळलं. आयुष्यात एवढी शरम त्यांना कधी वाटली नव्हती, आणि ती वाटून घ्यायला वेळही नव्हता, कारण पुढच्या दारावर दणके बसू लागले होते.

आत आलेल्या इन्स्पेक्टरने आधी लेझीम पाहिली आणि दोन शिपायांनी बंदुका सरळ केल्या. हे काय आहे, असं त्याने विचारलं.  कस्टम्सचं ओळखपत्र कोटात, कोट पुढच्या खोलीत, आणि तिकडे जायला पाऊल उचलायची छाती नव्हती. व्यायामाचं साधन आहे, असं गुरुदत्तराव कसंबसं हिंदीत म्हणाले. इन्स्पेक्टरने साखळी हातात तोलून पाहिली, परत दिली आणि म्हणाला, "करून दाखवा."

बंदुकीच्या नळीसमोर लेझीम खेळणारा हा बहुधा पहिलाच मराठी माणूस. सवय वाईट असते; ठेका धरला तसं तोंडातून श्यामरावांसारखं एक-दोन-तीन-चार निघू लागलं, आणि गुरुदत्तराव बसले, उठले, वळले, झण्ण करून थांबले. एका शिपायाने बंदूक खाली केली. त्याला हसू आवरत नव्हतं.

"हे कशासाठी?" इन्स्पेक्टरने विचारलं.

गुरुदत्तरावांनी शकुनकडे पाहिलं, आणि इतकी वर्षं गोदीपासून गल्लीपर्यंत लपवलेली गोष्ट पोलिसांपुढे कबूल केली. "मला डायबेटिस आहे."

"फायदा होतो?"

याचं उत्तर शकुनने दिलं, आणि ते अगदी प्रामाणिक होतं. "काही नाही. वाढतोच आहे."

मग कशाला करता, असा चेहरा करून इन्स्पेक्टर सगळ्या खोल्या बघून निघून गेला. बुटांचे आवाज जिन्यावरून उतरले. शकुनने दाराला कडी घातली आणि दारालाच टेकून उभी राहिली. सगळे वाचले होते. गुरुदत्तरावांनी सुटकेचा श्वास घेतला तो अर्धाच झाला, कारण माशीमा पलंगावर बसल्या होत्या आणि बोटांनी हवेत काहीतरी मोजत होत्या.

"पेडणेकरबाबू," त्या शांतपणे म्हणाल्या, "तो इथे नव्हता. तुम्हाला डायबेटिस. मग माझे संदेश कोण खात होतं?"

"कुठले संदेश?" शकुन म्हणाली.

लीनाने भाषांतर करायची तसदी घेतली नाही. पोलीस पुन्हा वर आले असते तर बरं, असं गुरुदत्तरावांना मनापासून वाटलं.

पुढच्या तासाभरात शकुन काय काय बोलली ते सांगण्यात अर्थ नाही. ती बोलली आणि मग रडली, आणि रडताना म्हणाली की मी तुमचा पाय गेलेला पाहत होते हो रोज.  डॉक्टर सान्यालांकडे तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. डॉक्टरांनी आणून ठेवलेली सिरिंज पुन्हा पेटीत ठेवली आणि म्हणाले की एवढं गोड खाऊनही जो माणूस माझ्यापुढे उभा राहून हे ऐकतोय त्याला व्यायामाने नक्कीच काहीतरी केलंय. गोड बंद, व्यायाम चालू, आणि मुदत आणखी महिनाभर.

पण व्यायाम चालू राहिला नाही. स्वेटर धुऊन, घडी करून खाली परत दिल्यावर गुरुदत्तरावांचा लेझमीला हात लावायचा धीर होईना. जो आवाज ऐकून एक आई रोज पहाटे उठून बसत होती, तो आता तिच्या डोक्यावर कसा वाजवायचा? त्यांनी लेझीम कपाटावर टाकली. दोन दिवस घर अगदी गप्प होतं.

तिसऱ्या दिवशी माशीमा वर आल्या. हात रिकामे होते. त्या पहिल्यांदाच खुर्चीवर नीट टेकून बसल्या आणि लीनाच्या मध्यस्थीने बोलल्या. खोकनची काही बातमी नव्हती. "आवाज का बंद केलात?" त्यांनी विचारलं. "मला आता ठाऊक आहे वर कोण आहे ते. तरी वाजू दे. लोखंड वाजलं की वाटतं, घरात कोणीतरी आहे. नाहीतर पहाटेपासून उजाडेपर्यंत मी काय करू?"

गुरुदत्तराव उठले आणि त्यांनी कपाटावरची लेझीम काढली. दुसऱ्या पहाटे खिडकी उघडी ठेवून ते खेळले. पहिले काही दिवस त्यांचा ठेका चुके, पण ते थांबले नाहीत. थंडी संपता संपता नळी पिवळी झाली आणि मग हिरवी झाली. निळी ती कधीच झाली नाही, पण हिरव्यावर शकुन समाधानी होती, आणि सुई पेटीतच राहिली.

मधे एकदा फार गारठा पडला होता, आणि आज एक दिवस नाही केलं तर काय बिघडलं, असं म्हणून गुरुदत्तरावांनी रजई डोक्यावरून ओढली. थोड्याच वेळात पलंगाखालच्या जमिनीला खालून काठीचे ठोके बसू लागले. त्यांनी दुर्लक्ष केलं. ठोके वाढले. मग शकुनने रजई ओढली, लीनाने दिवा लावला, आणि गुरुदत्तराव थंडीने कुडकुडत हाफपँट शोधायला उठले. मंडळाच्या वर्गात निदान सर्दी झाली म्हणून सांगता येत असे.